वृषभाच्या शिंगाजवळचा धूसर ठिपका : खेकडा तेजोमेघाच्या छायाचित्रणाचा अभ्यास

आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवरून चंद्र पाहिला नाही, असा माजी विद्यार्थी विरळा. शनीची कडी, गुरूचे चार उपग्रह आणि मृग नक्षत्रातील मोठा तेजोमेघ हेही अनेकांनी पाहिले आहेत. ही सारी दृश्ये दुर्बिणीला डोळा लावताच मन जिंकतात. या लेखाचा विषय मात्र त्यांच्यासारखा उदार नाही. वृषभ राशीतील खेकडा तेजोमेघ आकाराने लहान आणि तेजाने मंद आहे. आमच्या सहा इंची दुर्बिणीतून प्रथम पाहणाऱ्याला तो काचेवर पडलेल्या उच्छ्वासाच्या डागासारखा भासतो. ‘सर, यात काहीच नाही,’ हा विद्यार्थ्यांचा अभिप्राय आम्ही दरवर्षी ऐकतो. विज्ञान मंडळाने छायाचित्रणाच्या अभ्यासासाठी हाच विषय निवडला, कारण येथे जे मिळते ते मोजून, थांबून आणि पडताळूनच मिळते.

प्रथम या वस्तूचा परिचय. इ. स. १०५४ च्या जुलै महिन्यात चिनी ज्योतिर्विदांनी पहाटेच्या पूर्व आकाशात एक ‘पाहुणा तारा’ नोंदविला. तो २३ दिवस भरदिवसाही दिसत होता आणि रात्रीच्या आकाशातून पूर्णपणे मावळण्यास त्याला जवळजवळ पावणेदोन वर्षे लागली. एका प्रचंड ताऱ्याचा तो अंत होता. आपल्यापासून त्याचे अंतर सुमारे ६,५०० प्रकाशवर्षे. म्हणजे स्फोट प्रत्यक्षात घडला तो दख्खनमध्ये पहिल्या शेतकऱ्यांच्या वस्त्या उभ्या राहण्याच्या कित्येक सहस्रके आधी. त्याचा प्रकाश येथे पोहोचला तेव्हा या भूमीवर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते आणि पहिला सोमेश्वर गादीवर होता. औंढ्याचे आजचे यादवकालीन मंदिर तेव्हा उभे राहायचे होते.

मग आपल्याकडील कोणी तो तारा पाहिला नसेल काय? हा प्रश्न डॉ. जयंत नारळीकर यांनाही पडला होता. त्यांनी आणि पुण्याच्या संस्कृत पंडिता डॉ. सरोजा भाटे यांनी जुन्या भारतीय ग्रंथांत या घटनेचा माग काढण्याचा प्रयत्न केला. तथापि निर्विवाद म्हणता येईल अशी नोंद हाती लागली नाही. जुलै म्हणजे आपल्याकडे पावसाळा, हे एक कारण सहज सुचते. परंतु जो तारा पुढे हिवाळाभर रात्री दिसत होता, त्याला पावसाळ्याचा आडोसा पुरेसा नाही. आमचे मत असे की पाहणारे अनेक असतील. पाहिलेले लिहून ठेवणे आणि लिहिलेले जपणे ही निराळी शिस्त आहे, आणि चिनी दरबाराने ती पाळली.

स्फोटाने उधळलेला वायू आजही पसरत आहे. १७३१ मध्ये इंग्लंडच्या जॉन बेव्हिस यांनी तो धूसर ठिपका प्रथम टिपला. १७५८ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्सचे शार्ल मेसिए धूमकेतू शोधत असताना त्यांची या ठिपक्याशी गाठ पडली. धूमकेतू सरकतो, हा सरकत नव्हता. अशा फसव्या वस्तूंची यादी करण्याचे त्यांनी ठरविले आणि तिच्यातील पहिला क्रमांक याला दिला. म्हणून त्याला आजही ‘एम-१’ म्हणतात. ‘खेकडा’ हे नाव आयर्लंडच्या लॉर्ड रॉस यांनी १८४४ च्या सुमारास काढलेल्या रेखाटनावरून पडले. नावावरून हा कर्क राशीत असावा असा पुष्कळांचा समज होतो. तो वृषभात आहे, हे येथे स्पष्ट केलेले बरे.

आता छायाचित्रणाकडे वळू. पहिली अडचण आकाराची. तेजोमेघाची लांबी सुमारे ६ कलामिनिटे आणि रुंदी ४. पूर्णचंद्राच्या रुंदीच्या एक-पंचमांश. रुपयाचे नाणे साडेबारा मीटर अंतरावर धरले तर जेवढे दिसेल, तेवढेच हे लक्ष्य. आमच्या दुर्बिणीचे नाभीय अंतर ७५० मिलिमीटर आहे. तिच्या पटलावर या तेजोमेघाची प्रतिमा अवघी १.३ मिलिमीटर लांबीची पडते. माजी विद्यार्थ्यांनी शाळेला दिलेल्या डीएसएलआर कॅमेऱ्याच्या संवेदकावर आडवे ६,००० बिंदू आहेत. त्यांपैकी तेजोमेघाच्या वाट्याला सुमारे ३३० येतात. उरलेल्या चित्रात फक्त तारे. या लहानपणाचा एक लाभही आहे. आरशाच्या दुर्बिणीत चित्राच्या कडांचे तारे शेपटी फुटल्यासारखे दिसतात आणि तो दोष घालविण्यासाठी महागडे भिंग घ्यावे लागते. आमचे लक्ष्य मध्यभागी असल्याने त्या खर्चाची आवश्यकता नव्हती. कडा सरळ कापून टाकल्या.

दुसरी अडचण पृथ्वीच्या फिरण्याची. कॅमेऱ्याचा एक बिंदू आकाशातील साधारण १.०८ कलासेकंद व्यापतो. या भागातील तारे मात्र दर सेकंदाला जवळजवळ १४ कलासेकंद सरकतात. म्हणजे दुर्बीण स्थिर ठेवून एक सेकंदाचे चित्र घेतले तरी प्रत्येक तारा तेरा बिंदू लांबीची रेघ होतो. यास्तव दुर्बिणीला आकाशाच्या गतीने फिरविणारे इक्वेटोरियल माउंट लागते आणि त्याचा अक्ष खगोलीय ध्रुवाकडे अचूक रोखावा लागतो. युरोपीय पुस्तकांत हे काम चार ओळींत उरकलेले असते, कारण त्यांचा ध्रुवतारा उंच असतो. हिंगोलीचे अक्षांश २० अंशांहून किंचित कमी. म्हणून येथे ध्रुवतारा क्षितिजापासून जेमतेम वीस अंशांवर, लिंबाच्या शेंड्याआड आणि गावाच्या धुरात बुडालेला असतो. शिवाय तो नेमका ध्रुवावर नाही, अर्ध्या अंशाहून थोडा अधिक बाजूला आहे. माउंटच्या जुळणीला आम्हांस सुरुवातीला दोन तास लागत. आता नववीच्या मुली ती वीस-पंचवीस मिनिटांत करतात.

ज्या अक्षांशाने ध्रुवतारा खाली ढकलला, त्यानेच खेकडा तेजोमेघ मात्र आपल्या डोक्यावर आणून ठेवला आहे. त्याची क्रांती उत्तर २२ अंश; म्हणजे मध्यमंडलावर येताना तो आपल्या खस्वस्तिकापासून केवळ सव्वादोन अंशांवर असतो. तेथे प्रकाशाला वातावरणाचा सर्वांत पातळ थर ओलांडावा लागतो, त्यामुळे चित्र स्थिर आणि स्वच्छ येते. लंडनच्या निरीक्षकाला तो कधीच इतका वर मिळणार नाही. आपल्याकडे मध्यमंडल ओलांडण्याआधी तीन तास आणि नंतर तीन तास तो ४५ अंशांहून उंच असतो. डिसेंबरच्या मध्यास तो मध्यरात्री माथ्यावर येतो, जानेवारीअखेरीस रात्री सव्वानऊच्या सुमारास. जूनमध्ये सूर्यच त्याच्या शेजारी जातो, तेव्हा शोधण्याचा प्रश्नच नाही.

ऋतूंचा विचार केला तर डिसेंबर-जानेवारी उत्तम. पण तेव्हा दव पडते. रात्री अकरानंतर दुर्बिणीच्या तोंडाजवळचा लहान आरसा ओलावतो आणि चित्रे हळूहळू धुरकट होत जातात. पुठ्ठ्याची लांब नळी तोंडाला बसविल्याने बराच फरक पडला. फेब्रुवारीत दव कमी होते, तर आपल्या भागात हळद शिजविण्याचे दिवस सुरू होतात. ज्या जिल्ह्याची वसमतची हळद सर्वदूर ओळखली जाते, तेथे शिवारातील कढयांच्या वाफेवर आणि धुरावर कोण रागावणार? आम्ही वाऱ्याची दिशा पाहून रात्र निवडतो. विजेचे भारनियमन हे एरवी सर्वांच्या शिव्याशापांचे धनी; आमच्या निरीक्षण-वहीत मात्र त्याची नोंद कृतज्ञतेने झालेली आहे.

चंद्राबद्दल थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण पालकांच्या सर्वाधिक शंका याच बाबतीत येतात. पौर्णिमेचे स्थान आपल्या परंपरेत मोठे आहे आणि त्या रात्री शाळेत वंदनेला मुले जमतात, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु पौर्णिमेच्या चांदण्यात आकाश इतके उजळते की मंद तेजोमेघ त्यात विरून जातो. या कामास योग्य रात्र अमावास्येची, आणि तिच्या आगेमागे चार-पाच रात्री. गावोगावी अजूनही अमावास्येला लेकरांना उंबऱ्याबाहेर पाठवीत नाहीत. काही पालकांनी आम्हांला तसे निरोपही धाडले. आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. त्यांनाच गच्चीवर यायला सांगितले. आलेल्यांपैकी एका आजीबाईंनी चांदण्याने भरलेले आकाश बराच वेळ पाहिले आणि विचारले, ‘एवढ्या चांदण्या अवसेलाच निघतात का, बाबा?’ चांदण्या रोजच्याच असतात, चंद्र नसल्याने आज त्या दिसतात, हे त्यांच्या नातवानेच त्यांना समजावून सांगितले. त्यानंतर त्या गावाहून तसा निरोप आलेला नाही.

प्रत्यक्ष चित्रणाची पद्धत अशी. एकच लांब चित्र न घेता आम्ही ६० सेकंदांची अनेक चित्रे घेतो. प्रत्येक चित्रात तेजोमेघाचा खरा संकेत असतो आणि त्यावर संवेदकाचा व आकाशाचा यादृच्छिक गोंगाट असतो. चित्रे ताऱ्यांवर ताऱ्यांची जुळवणी करून एकत्र केली की संकेत चित्रांच्या संख्येच्या प्रमाणात साचतो, गोंगाट मात्र त्या संख्येच्या वर्गमुळाच्याच प्रमाणात वाढतो. १४४ चित्रांना दोन तास चोवीस मिनिटे लागतात आणि चित्राची शुद्धता एका चित्राच्या १२ पट होते. ती आणखी दुप्पट करावयाची तर चित्रे चौपट लागतील, म्हणजे ५७६. ते काम साडेनऊ तासांहून अधिक चालेल आणि अमावास्येच्या तीन-चार रात्री खाईल. वर्गमूळ हा आठवीच्या गणितातील सर्वांत कोरडा धडा आहे, अशी आमच्या विद्यार्थ्यांची तक्रार असे. गच्चीवर थंडीत जागल्यानंतर ती तक्रार राहत नाही.

याखेरीज दोन प्रकारची साहाय्यक चित्रे लागतात. दुर्बिणीचे झाकण लावून तितक्याच वेळाची काळी चित्रे घेतली की संवेदकाच्या उष्णतेमुळे उमटणारे खोटे ठिपके कळतात आणि ते मूळ चित्रांतून वजा करता येतात. दुर्बिणीच्या तोंडावर पांढरे कापड ताणून संध्याप्रकाशात घेतलेल्या चित्रांवरून धुळीचे डाग आणि कडांचा अंधार समजतो. काळी चित्रे त्याच रात्री, त्याच थंडीत घ्यावीत; रात्री दोन वाजता झोप अनावर झालेली असताना हेच काम सर्वांत कंटाळवाणे वाटते आणि हेच टाळून चालत नाही.

संगणकावर एकत्र केलेले चित्र प्रथम जवळजवळ काळे दिसते. त्यातील मंद छटा ताणून वर काढाव्या लागतात. येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि त्यावर आमचे मत ठाम आहे. आज अशी साधने सहज मिळतात जी अस्पष्ट चित्रात स्वतःच्या कल्पनेने रेषा आणि तंतू भरतात. चित्र सुंदर होते. पण त्यातील कोणता तंतू आकाशातला आणि कोणता यंत्राच्या मनातला, हे सांगता येत नाही. शाळेच्या चित्रांत आम्ही तेजाची आणि रंगाची जुळणी करतो, नसलेले काही घालत नाही. त्यामुळे आमचा खेकडा भिंतीवरच्या परदेशी चित्रांपेक्षा फिका आहे.

तो फिका असला तरी त्यातले दोन रंग ओळखू येतात. मधला निळसर-पांढरा धूसरपणा आणि त्यावर जाळ्यासारखे लालसर तंतू. निळसर प्रकाश वायूच्या तापण्यामुळे आलेला नाही; चुंबकीय क्षेत्रात जवळजवळ प्रकाशवेगाने गिरक्या घेणारे इलेक्ट्रॉन तो देतात. तंतूंचा लाल रंग मुख्यतः हायड्रोजनचा, आणि साध्या कॅमेऱ्याच्या आतील गाळणी त्याचा मोठा भाग अडविते, म्हणून आमच्या चित्रात तंतू तुटक दिसतात. तंतूंत एक हिरवी रेषाही असते, ५००.७ नॅनोमीटर तरंगलांबीची. तेजोमेघांच्या या हिरव्या रेषेशी महाराष्ट्राचा एक जुना संबंध आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी विद्यापीठात, भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली होती. तेथील वीस इंची दुर्बिणीने प्रा. कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी मृगातील तेजोमेघाचा वर्णपट तपासला आणि १८९१ मध्ये आपले निरीक्षण प्रसिद्ध केले. ती रेषा मॅग्नेशियममुळे उमटते, असे इंग्लंडचे नामांकित शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांचे मत होते. तसे असते तर ती एका बाजूस पसरट दिसली असती. नायगमवालांना ती नेहमी स्पष्ट आणि धारदार दिसली, आणि त्यांनी तसेच लिहिले. रेषेचे खरे मूळ, दोन इलेक्ट्रॉन गमावलेला ऑक्सिजन, १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी उलगडले. वेधशाळा १९१२ मध्ये बंद झाली आणि तिची उपकरणे कोडाईकनालला गेली.

तेजोमेघाच्या मध्यभागी दोन मंद तारे जवळजवळ दिसतात. त्यांतला नैर्ऋत्येकडचा तारा म्हणजे स्फोटात उरलेला गाभा. १६.५ प्रतीचा हा तारा आमच्या एकत्रित चित्रात एक बारीक, पण निःसंशय ठिपका म्हणून उमटला. ज्या दिवशी तो ओळखला, त्या दिवशी सकाळच्या प्रार्थनेनंतर फळ्यासमोर गर्दी झाली होती. तो एका सेकंदात सुमारे ३० वेळा स्वतःभोवती फिरतो. त्याची फिरण्याची गती मंदावत आहे. एका फेरीचा काळ दररोज सुमारे ३६ नॅनोसेकंदांनी वाढतो. या मंदावण्यातून सुटणारी ऊर्जा सबंध तेजोमेघाला सूर्याच्या सुमारे ७५ हजार पट प्रकाशमान ठेवते. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीने त्याच्या रेडिओ स्पंदांचा अभ्यास झाला आहे, आणि ॲस्ट्रोसॅट या भारतीय उपग्रहाने त्याच्या क्ष-किरणांच्या ध्रुवीकरणाचे मापन केले आहे.

माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे ती पुढील मापनासंबंधी. १९२१ मध्ये जॉन डंकन यांनी माउंट विल्सन वेधशाळेतील साडेअकरा वर्षांच्या अंतराने घेतलेली दोन छायाचित्रे ताडून पाहिली, तेव्हा तेजोमेघ पसरत असल्याचे दिसून आले. हे मापन आता सहा इंची दुर्बिणीच्या आवाक्यात आहे. तेजोमेघाच्या लांब अक्षाची अर्धी लांबी १८० कलासेकंद. १०५४ पासून सुमारे ९७० वर्षांत तो इतका वाढला, तर टोकाची वाढ वर्षाला ०.१८ कलासेकंदाच्या जवळपास येते. दहा वर्षांत १.८, म्हणजे आमच्या कॅमेऱ्यावर पावणेदोन बिंदू. ताऱ्यांच्या चौकटीत दोन्ही चित्रे नीट बसविली तर एवढा फरक मोजता येतो. गंमत अशी की काटेकोर मापनांवरून मागे जात स्फोटाचे वर्ष काढले, तर ते १०५४ येत नाही. सुमारे ८० वर्षे अलीकडचे येते. याचा अर्थ वायूची गती वाटेत वाढली आहे, मधला फिरता तारा त्याला आतून ढकलीत आहे.

यासाठी आजची मूळ चित्रे, प्रक्रिया न केलेली, जशीच्या तशी जपावी लागतील. ती दोन स्वतंत्र हार्ड डिस्कवर ठेवली आहेत. सोबत दिनांक, वेळ, दुर्बीण, कॅमेरा आणि माउंट यांची लेखी नोंदवही आहे. यंदा आठवीत असलेली मुले दहा वर्षांनी पदवी घेऊन कोठेतरी नोकरीत असतील. त्यांपैकी निदान दोघांनी एका डिसेंबरात येथे परत यावे आणि त्याच दुर्बिणीने तेच चित्र घ्यावे. दुर्बीण बदलली तर मापन अधिक कठीण होईल, म्हणून जुनी दुर्बीण विकू नये, ही सूचना आम्ही व्यवस्थापनाकडे लेखी दिली आहे.

आपल्या जिल्ह्याशी या ताऱ्याचे आणखी एक नाते जुळू घातले आहे. औंढा तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये अंतिम मंजुरी दिली; खर्च सुमारे २,६०० कोटी रुपये. काटकोनातल्या, प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा असलेले हे यंत्र असेल. खेकडा तेजोमेघातील तारा किंचित जरी ओबडधोबड असेल, तर तो आपल्या फिरण्याच्या दुप्पट वारंवारतेने, म्हणजे सुमारे ५९ हर्ट्झच्या, अखंड गुरुत्वीय लहरी सोडील. अमेरिकेतील यंत्रांनी त्या शोधल्या, अद्याप सापडल्या नाहीत. पण न सापडण्यातूनही कळले की ताऱ्याच्या मंदावण्याच्या ऊर्जेपैकी एक टक्क्याहूनही पुष्कळ कमी भाग या वाटेने जातो, म्हणजे तारा अत्यंत गोल आहे. अमेरिकेतील वीजपुरवठा ६० हर्ट्झचा आहे, त्यामुळे तेथे विजेचा गुणगुणाट नेमका या आकड्याच्या शेजारी येतो. आपली वीज ५० हर्ट्झची. औंढ्याच्या यंत्राला ही सवलत जन्मतःच मिळणार आहे.

त्या शोधाची रीतही गच्चीवरच्या रीतीहून फार वेगळी नाही. तेथेही महिनोन्महिन्यांची निरीक्षणे एकावर एक साचवून गोंगाटाखालचा संकेत वर काढतात. फरक इतकाच की आम्हांला अंधार हवा आणि त्यांना निश्चलता; अवजड वाहनांची थरथरही त्या यंत्राला जाणवते. यंत्र जिल्ह्यात येणे आणि त्यावर काम करणारी माणसे जिल्ह्यातली असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिली दिल्लीने ठरविली. दुसरीसाठी पदार्थविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स, निर्वात तंत्रज्ञान आणि संगणकीय विश्लेषण शिकलेली मुले लागतील, आणि त्यातले विश्लेषण तरी आज नववीत सुरू करता येते. १४४ चित्रांचा तो संच आणि काळी चित्रे ज्या माजी विद्यार्थ्यांना स्वतः एकत्र करून पाहावयाची असतील, त्यांनी पेनड्राइव्ह घेऊन शाळेत यावे.

पालकांपैकी ज्यांना हा ठिपका स्वतः शोधावयाचा असेल त्यांनी जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात, चंद्र नसताना, रात्री नऊच्या सुमारास माथ्यावर पाहावे. लालसर रोहिणी सहज सापडते. तेथून वृषभाची दोन शिंगे पूर्वेकडे पसरलेली आहेत. दक्षिणेकडच्या शिंगाच्या टोकाला एक तिसऱ्या प्रतीचा तारा आहे. त्याच्या वायव्येस, दोन पूर्णचंद्र मावतील एवढ्या अंतरावर, तेजोमेघ आहे. साध्या द्विनेत्रीतून तो दिसू शकतो, मात्र अंधाराला डोळे सरावण्यासाठी अर्धा तास द्यावा आणि तेवढा वेळ मोबाइल खिशातच असावा.